गेरांद : मिठाच्या जिवावर उभं राहिलेलं तटबंदीचं शहर

फ्रान्समधल्या चांगल्या हॉटेलांत ताट तयार झालं की वरून चिमूटभर मीठ भुरभुरतात. किंचित ओलसर, हलकं, चिमटीत धरलं की चुरा होणारं. त्याला तिकडे ‘फ्लर द सेल’ म्हणजे ‘मिठाचं फूल’ म्हणतात आणि साध्या मिठाच्या कितीतरी पट भावाने ते विकलं जातं. या मिठासाठी सगळ्यात नावाजलेलं ठिकाण म्हणजे गेरांद. पण पन्नासेक वर्षांपूर्वी इथल्या मिठाला कुणी विचारत नव्हतं आणि मिठागरांतून रस्ता काढायचं घाटत होतं.

गेरांद फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्याजवळ, टेकाडावर वसलंय. वस्ती जेमतेम १६ हजारांच्या आसपास. जुन्या शहराभोवतीची दगडी तटबंदी जवळपास सगळीच्या सगळी शाबूत आहे. साधारण १.४ किलोमीटरचा घेर आणि चार दरवाजे. त्यातल्या सेंट मिशेल दरवाजाच्या दोन भक्कम बुरुजांत आता संग्रहालय आहे. मधोमध सेंट ओबँ चर्च. त्याच्या दर्शनी भिंतीत बाहेरच्या बाजूला दगडी व्यासपीठ कोरलेलं आहे, म्हणजे चौकात जमलेल्या लोकांना धर्मगुरूचं प्रवचन ऐकता यावं.

ब्रिटनीच्या इतिहासात या गावाचं नाव पक्कं कोरलं गेलं ते १३६५ साली. ब्रिटनीच्या गादीसाठी दोन घराण्यांत वीसेक वर्षं लढाई चालली होती. ती मिटवणारा तह इथेच झाला आणि माँफोर घराण्याला ड्यूकची गादी मिळाली.

शहरात पैसा मात्र आला तो खालच्या खाजणातून. तटावरून पाहिलं की समुद्राकडे मिठागरांचे चौकोन पसरलेले दिसतात, सुमारे २,००० हेक्टर. त्यातली काही ९व्या शतकापासूनची आहेत. राजेशाहीच्या काळात फ्रान्समध्ये मिठावर ‘गाबेल’ नावाचा जबर कर होता. ब्रिटनीला त्यातून सूट होती. मग काय, इकडे मीठ स्वस्त आणि हद्दीपलीकडे ते सोन्याच्या भावाने. त्यामुळे मिठाची चोरटी वाहतूक जोरात चाले. ब्रिटनीचे लोक आजही लोण्यात सढळ हाताने मीठ घालतात, त्याचं मूळही याच करमाफीत सांगितलं जातं. खारट लोण्याचं कॅरामेल ही त्यातूनच निघालेली इथली खासियत.

आता हे मीठ पिकतं कसं? तत्त्व आपल्या कोकणातल्या मिठागरांचंच. उधाणाच्या भरतीला फळी उचलायची आणि खाडीचं पाणी साठवणीच्या तळ्यात घ्यायचं. तिथून ते उताराने एका कप्प्यातून दुसऱ्यात सरकत जातं. प्रत्येक टप्प्यावर ऊन-वारा पाणी उडवतो आणि खारटपणा वाढतो. शेवटच्या वाफ्यात पोहोचेपर्यंत पाण्याचा थर बोटभरही उरत नाही. या वाफ्याला ‘अय्ये’ म्हणतात. एक अय्ये साधारण ७० चौरस मीटरचा असतो आणि एक माणूस असे पन्नास-साठ वाफे सांभाळतो.

तळाला मीठ बसतं. ते लांब दांड्याच्या लाकडी फावड्याने ओढून काढायचं, पण तळाची चिकणमाती खरवडू द्यायची नाही. खरी कसरत ती. मातीच्या अंशामुळेच हे जाडं मीठ राखाडी दिसतं. कोरडा वारा सुटला की संध्याकाळच्या सुमाराला पाण्यावर पातळ साय धरते. तेच मिठाचं फूल. ते वरच्यावर अलगद काढतात. पूर्वी हे काम बायका करायच्या. मिठाने भरलेली लाकडी पाटी डोक्यावर घेऊन अनवाणी बांधावरून चालायचंही त्यांच्याच वाट्याला होतं. आजही ही काढणी हातानेच होते. हंगाम जून ते सप्टेंबर आणि ऐन हंगामात पाऊस पडला की केलेलं सगळं पाण्यात.

१९व्या शतकात रेल्वे आली आणि खाणीतलं स्वस्त मीठ देशभर पोहोचलं. पुढे घराघरांत फ्रिज आले, खारवायची गरजच कमी झाली. वाफे ओस पडू लागले, पोरं शहरांकडे निघाली. शेजारच्या ला बोल या पर्यटन नगरीची नजर या मोकळ्या जमिनीवर गेली. रस्ता आणि बोटींसाठी बंदर अशा योजना पुढे आल्या. तेव्हा जुने मीठकरी आणि १९६८च्या आंदोलनांनंतर शहर सोडून इथे आलेली तरुण मंडळी एकत्र आली. एरवी या दोघांचं जमेल असं कुणाला वाटलं नसतं. त्यांनी योजना रोखली. १९७२ मध्ये उत्पादकांचा गट उभा राहिला, १९७९ मध्ये या धंद्याचं रीतसर प्रशिक्षण सुरू झालं, १९८८ मध्ये सहकारी संस्था झाली. व्यापाऱ्याच्या भावावर अवलंबून राहणं संपलं. आज सुमारे ३०० लोक या मिठागरांवर पोट भरतात. २०१२ मध्ये गेरांदच्या मिठाला युरोपचं भौगोलिक मानांकनही मिळालं.

मधे एक मोठं संकट येऊन गेलं. १२ डिसेंबर १९९९ रोजी ‘एरिका’ हे तेलवाहू जहाज ब्रिटनीजवळच्या समुद्रात दुभंगलं आणि नाताळच्या सुमाराला काळं तेल किनाऱ्याला लागलं. लोकांनी खाड्यांची तोंडं मातीचे बांध घालून बंद केली. मिठागरं वाचली, पण बाजारातलं नाव जपायचं म्हणून २००० च्या हंगामात अनेकांनी मीठ काढलंच नाही.

गंमत म्हणजे सरकारी नकाशात गेरांद ब्रिटनीत नाहीच. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४१ मध्ये, विशी सरकारने हा जिल्हा ब्रिटनीपासून तोडला आणि युद्धानंतरही तो परत जोडला गेला नाही. आज तो ‘पेई द ला लुआर’ या विभागात मोडतो. नांत शहरात जिल्हा परत जोडण्यासाठी अजून मोर्चे निघतात. शेजारच्या बा-स्युर-मेर गावात तर २०व्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत ब्रेतॉन बोलणारी माणसं होती. गेरांदचं ब्रेतॉन नाव आहे ग्वेनरान. त्यातल्या ‘ग्वेन’चा अर्थ पांढरा असाही होतो आणि पवित्र असाही.