१६ मे २०१७ : जॉर्डनमध्ये ‘सेसमी’चे उद्घाटन

एरवी एका टेबलाशी न बसणारे इराण आणि इस्रायल ज्या संस्थेच्या नियामक मंडळावर एकत्र आहेत, त्या ‘सेसमी’चे उद्घाटन जॉर्डनचे राजे अब्दुल्ला दुसरे यांनी या दिवशी केले. राजधानी अम्मानजवळच्या अलान इथला हा पश्चिम आशियातला पहिला सिंक्रोट्रॉन. १३३ मीटर परिघाच्या कड्यात इलेक्ट्रॉन जवळपास प्रकाशाच्या वेगाने फिरतात. त्यातून निघणाऱ्या प्रखर क्ष-किरणांखाली प्रथिनांपासून पुरातन वस्तूंपर्यंत काहीही तपासता येते.

सुरुवात झाली ती बर्लिनमध्ये मोडीत निघालेल्या ‘बेसी-१’ यंत्राच्या सुट्या भागांपासून. युनेस्कोने पालकत्व घेतले. नव्या कड्याची चुंबके युरोपीय महासंघाच्या पैशातून, ‘सर्न’ या युरोपीय अणुसंशोधन संस्थेच्या देखरेखीखाली बनली. इजिप्त, पाकिस्तान, पॅलेस्टाईन, तुर्कस्तान, सायप्रस हेही सदस्य. यातले काही तर एकमेकांना देश म्हणून मान्यताही देत नाहीत! प्रकल्पाशी संबंधित दोन इराणी शास्त्रज्ञांची २०१० मध्ये तेहरानमध्ये हत्या झाली, तरी इराण बाहेर पडला नाही. २०१३ च्या हिमवादळात इमारतीचे छप्परच कोसळले. विजेचे बिल ही मोठी डोकेदुखी होती. त्यावर २०१९ मध्ये सौरऊर्जा प्रकल्पाचा उतारा सापडला.