दोन राजधान्या आणि मधले गाव

नकाशावर मुंबई आणि नागपूर यांच्यामध्ये पट्टी ठेवली, की रेघ आमच्या गोरेगावच्या उत्तरेकडून, वाशीमच्याही पलीकडून जाते. हे हवाई अंतर सुमारे 685 किलोमीटर. रेल्वेने तेच 837 भरते. आज विमान दीड तासात पोचते. डाकोटाला अडीच तास लागत. लंडन-पॅरिस हे याच्या निम्मे अंतर. 25 ऑगस्ट 1919 रोजी तिथे रोजची विमानसेवा सुरू झाली, तेव्हा त्यालाही अडीच तासच लागले होते.

30 जानेवारी 1949 रोजी दळणवळणमंत्री रफी अहमद किदवई यांच्या पुढाकाराने रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई ही मुंबई प्रांताची राजधानी, नागपूर मध्यप्रांत-वऱ्हाडची. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला सोनेगावच्या धावपट्टीवर जमत, थैल्यांची अदलाबदल करीत आणि उजाडण्याच्या सुमारास आपापल्या शहरी परतत. कलकत्ता नागपूरपासून सुमारे 985 किलोमीटर, मद्रास 910, दिल्ली 855. गाठ एकाच वेळी पडायची, म्हणून दूरच्याने आधी निघायचे. त्याच वर्षी 1 एप्रिलपासून देशातली साधी पत्रेही जादा आकाराविना विमानाने जाऊ लागली. हा रात्रीचा मेळा 1973 पर्यंत भरत होता.

आमचे गाव तेव्हा हैदराबाद राज्यात, परभणी जिल्ह्यात. 1950 पर्यंत निजामी टपालाची तिकिटे चालत. हिंगोलीला मीटरगेज होती. पुढची वाट बैलगाडीची नाहीतर पायाची.

घरच्या पेटीत मला एक पाकीट सापडले. थोरल्या चुलत्यांनी दिल्लीहून पाठवलेले. दिल्लीचा शिक्का 11 ऑगस्ट 1955 चा, आमच्याकडचा 17 तारखेचा. आत चारच ओळी: आईची तब्येत कळली, रजा मिळते आहे, येऊ का ते कळवा. आजी 14 तारखेला गेली होती. 'ये' असे लिहायला घरात कोणाचा हात धजला नाही, असे वडील सांगत.

दिल्लीहून नागपूर गाठायला डाकोटाला साडेतीन तास पुरत. म्हणजे ते पत्र पहिल्या रात्रीच आमच्यापासून फार दूर नव्हते. उरलेले दिवस रेल्वेच्या गाड्या बदलण्यात आणि पुराने फुगलेल्या ओढ्याच्या काठी गेले असावेत. दोष कोणाचा म्हणावा? पावसाचे दिवस होते आणि ओढ्यावर पूल नव्हता.

विमानप्रवासाच्या इतिहासात दोन राजधान्यांमधले अंतर आणि वेळ नेमके नोंदलेले असतात. मधल्या गावाचा हिशोब त्यात नसतो. आमच्या घरी तो एका पाकिटावर, दोन शिक्क्यांच्या मधल्या सहा दिवसांत, राहून गेला आहे.