पाणी असूनही तापलेला संगणक

माझा भाचा सोलापुरात लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. दोन वर्षांपूर्वी कर्ज काढून त्याने नवा डेस्कटॉप बांधून घेतला. प्रोसेसरवर साधा पंखा न लावता महागडा लिक्विड कूलर बसवला, कारण दुकानदार म्हणाला होता, पाण्याचा आहे, तापायचा प्रश्नच नाही. यंदा मे महिन्यात, लग्नसराई ऐन भरात असताना त्याचा फोन आला, “मामू, पानी है ना इसमें, फिर इत्ता गरम कायकू?” प्रोसेसर १०० अंशांना टेकत होता, स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करत होता. दोन तासांच्या कामाला पाच तास लागत होते आणि गिऱ्हाईक दारात उभे.

त्याचा प्रश्न भाबडा नाही. ‘पाणी आहे म्हणजे थंड’ ही समजूत कुठून आली, हे पाहायला थोडे मागे जावे लागते.

संगणकात पाणी आणले ते १९६०च्या दशकात, आयबीएमच्या सिस्टीम/३६० मालिकेतल्या मोठ्या यंत्रांनी. सर्किटांवरून फिरणारी हवा वाटेत पाण्याच्या नळ्यांना आपली उष्णता द्यायची. पुढे १९८०मध्ये आयबीएमने ३०८१ हे यंत्र जाहीर केले. त्यातली रचना आजही थक्क करते. हाताच्या तळव्याएवढ्या सिरॅमिकच्या पाटीवर शंभरावर चिप्स, प्रत्येक चिपच्या पाठीवर स्प्रिंगने दाबलेला धातूचा छोटा दट्ट्या, मधल्या पोकळीत हेलियम वायू आणि सगळ्यात वर पाणी खेळवलेली धातूची पाटी. अशा एका मॉड्यूलमधून सुमारे ३०० वॅट उष्णता बाहेर काढली जाई. आजचा वरच्या श्रेणीतला डेस्कटॉप प्रोसेसर एकटाच २५० वॅटपर्यंत वीज ओढतो!

सेमूर क्रे यांनी १९८५च्या क्रे-२मध्ये आणखी पुढचे पाऊल टाकले. वीज न वाहणाऱ्या फ्लोरिनर्ट नावाच्या द्रवात त्यांनी सगळी सर्किटेच बुडवून ठेवली.

या दोन्ही यंत्रांबद्दल एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. त्यांची उष्णता शेवटी जाई ती चिलरमधून येणाऱ्या गार पाण्यात. म्हणजे इमारतीत दुसरीकडे एक भलेमोठे शीतयंत्र सतत घरघरत असे. थंडावा तिथे तयार होई. नळ्यांतले पाणी फक्त हमाली करत होते.

१९९०च्या दशकात मोठी यंत्रे कमी वीज खाणाऱ्या सीमॉस चिप्सकडे वळली आणि पाणी मागे पडले. मात्र त्याच सुमारास अमेरिका-युरोपातल्या हौशी पोरांनी ते घरात आणले. प्रोसेसर ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवायचा त्यांना नाद होता. पंप मत्स्यालयाचा, रेडिएटर म्हणून मोटारीच्या हीटरचा गाभा, बाकी नळ्या आणि चिकाटी. चिलर अर्थातच नव्हता. कंपन्यांची गत वेगळी नव्हती. २००३मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी वर्षभरात ३ गिगाहर्ट्झचा पॉवर मॅक देऊ असे सांगितले. २००४मध्ये आला तो २.५चा, तोही द्रवाने थंड केलेला, आणि पुढे त्यातल्या अनेक यंत्रांतून तो द्रव गळला. त्याच वर्षी इंटेलने ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ रद्द केला. चिप लहान केली की वीजही त्या प्रमाणात कमी लागेल, हा जुना हिशेब तोवर बिघडला होता. वेगाची शर्यत उष्णतेपाशी अडली, म्हणून एकाच चिपवर अनेक कोअर बसवण्याची वाट धरावी लागली.

कारखान्यातूनच भरून, बंद होऊन येणारे कूलर त्यानंतर सर्रास मिळू लागले. भाच्याकडे असलाच एक आहे.

मी सोलापूरला गेलो. पंप चालू होता. रेडिएटरच्या जाळीत धुळीचा थर बसला होता, तो ब्रशने काढला. प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट पुसून नवी लावली. सात-आठ अंश उतरले. मग खोलीत थर्मामीटर ठेवला. पत्र्याचे छप्पर, दुपारचे तीन, ४१ अंश. नळ्यांतल्या द्रवाला आपली उष्णता याच हवेत सोडायची आहे आणि त्यासाठी त्याला या हवेपेक्षा गरम राहावेच लागते. जानेवारीत हीच खोली २२ अंशांवर असते. म्हणजे कूलर बिघडला नव्हता, खोली १९ अंशांनी चढली होती. आयबीएमच्या ग्राहकाकडे जे काम चिलर करी, ते भाच्याकडे ही खोली करत होती.

मग बायोसमध्ये प्रोसेसरची वीजमर्यादा खाली आणली. वेग थोडा गेला, पण आकडा ८५च्या आत आला आणि काम अडखळेना. मोठी कामे रात्री अकरानंतर लावायची, असेही ठरले. राहिली खोली. सोलापूरच्या कोरड्या हवेत वाळ्याचा कूलर खोली खरोखर गार करतो, कारण तिथे पाण्याची वाफ होते. संगणकाच्या बंद नळीत ती होत नाही. एसीला पैसे नव्हते. तेव्हा दुल्हाभाईंच्या, म्हणजे भाच्याच्या अब्बांच्या खोलीतला कूलर काढून एडिटिंगच्या खोलीच्या खिडकीत बसवला. ओल्या हवेचा झोत थेट संगणकावर येणार नाही, एवढे पाहिले.

व्हिडिओ वेळेत गेला. दुल्हाभाई अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.