रझांचा काळा सूर्य

एस. एच. रझा म्हटलं की आपल्याला आठवतो तो बिंदू, आणि लिलावातले कोटींचे आकडे. पण हा माणूस मुळात लँडस्केपवाला! 1940च्या दशकातली त्यांची जलरंगातली मुंबई बघा. पावसाळी रस्ते, पसरलेला रंग, सगळं कसं हळुवार. लोकांना आवडत होतं, 1946मध्ये पहिलं एकल प्रदर्शनही झालं.

आणि बरं का, माणूस आपल्याच मुलखातला. 1922चा जन्म, मंडला जिल्ह्यातला. वडील जंगल खात्यात. 1936 पासून मध्य प्रांत आणि वऱ्हाड एकच प्रांत, म्हणजे आमचं तिवसा आणि त्यांचं मंडला एकाच सरकारात. शिकले नागपूरच्या चित्रशाळेत. तिवस्यावरून जाणारा हायवे जातो ना, तेच नागपूर.

मग 1947 साली आई गेली, 1948 साली वडील. फाळणीनंतर भावंडं पाकिस्तानात गेली. रझा इथेच राहिले. त्याच 1948मध्ये काश्मीरमध्ये फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँ भेटला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की हात चांगला आहे, पण चित्रात बांधणी नाही, सेझान बघ. आपल्या भाषेत, कोड चालतोय पण आर्किटेक्चरचं काय?

1950मध्ये रझा पॅरिसला गेले. आणि 1951चं 'ओ द कान्य' बघितलं की दचकायला होतं. कान्य म्हणजे दक्षिण फ्रान्सचं ऊन खाणारं गाव, म्हातारा रेन्वार शेवटची वर्षं तिथेच रंगवत बसला होता. रझांच्या चित्रात मात्र घट्ट रचलेली घरं, माणूस एकही नाही, आणि वर चक्क काळा सूर्य!

बांधणी सेझानकडून आली, ठीक. पण ती रिकामी घरं? मला तरी त्यात फाळणी दिसते. सुंदर मुंबई रंगवत राहणं सोपं होतं, खपतही होतं. पण घर विस्कटलेल्या माणसाने गोड चित्रं काढत राहायचं, तर स्वतःशी खोटं बोलावं लागतं. ते त्यांनी टाळलं. 1956 साली फ्रेंच समीक्षकांचा पुरस्कारही मिळाला, तो ह्या नव्या वाटेवर.

पुढे तोच काळा गोल बिंदू झाला, भीतीचा नाही, उगमाचा. साठ वर्षं फ्रान्समध्ये काढून रझा परतले, 2016मध्ये दिल्लीत गेले. दफन मात्र त्यांच्या इच्छेप्रमाणे मंडल्यात, वडिलांच्या शेजारी.

पुण्या-बंगलोरात बसून गावाचे हिरवे वॉलपेपर लावणाऱ्या आपण सगळ्यांनी हा काळा सूर्य एकदा तरी बघावा. असो.