कृष्ण झालेली मंदाकिनी

आमच्या दौंडहून पाऊणशे किलोमीटरवर, पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात, एका लहान मुलीचा चेहरा शतकभर ओलांडून आलेला आहे. ती दादासाहेब फाळके यांची कन्या मंदाकिनी.

प्रिय वाचकहो, या कथेचा उगम आपल्या परिचयाचा आहे. १९११च्या सुमारास मुंबईच्या एका तंबूत दादासाहेबांनी प्रभू ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहिला, आणि पडद्यावर ख्रिस्त दिसत असताना त्यांच्या मनश्चक्षूंपुढे गोकुळ व अयोध्या उभी राहिली, असे त्यांनीच पुढे लिहून ठेवले आहे. परंतु गोकुळ उभे करावयाचे, तर माणसे कोठून आणावयाची? १९१३च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती झाले अण्णा साळुंके हे पुरुष नट. रोहिदासाला सर्पदंशाने मृत्यू येतो. आपल्या मुलाने पडद्यावरदेखील मरावे, हे कोणा आईबापास रुचेना. अखेर दादासाहेबांनी स्वतःचा मुलगा भालचंद्र उभा केला. पत्नी सरस्वतीबाई फिल्मला छिद्रे पाडीत व सर्व मंडळींचा स्वयंपाकही रांधीत. चित्रपट हे त्या घरचे घरकामच होते. (नाताळच्या नाट्यात बाळयेशू म्हणून आम्हीही ज्याचे तान्हे हाती लागेल, त्याचेच घेतो!)

१९१८ साली नाशिकच्या हिंदुस्थान फिल्म्स कंपनीच्या 'श्रीकृष्णजन्मा'त मंदाकिनी बाळकृष्ण झाली, व १९१९च्या 'कालियामर्दना'त नायकच. वय अवघे सहा-सात वर्षांचे. पुरुषाने तारामती व्हावे आणि मुलीने कृष्ण! या चित्रपटाचा मोठा भाग आज उपलब्ध आहे. प्रारंभी कथा नाहीच. केवळ मंदाकिनीचा चेहरा जवळून दिसतो. त्यावर एकामागून एक भाव उमटतात, आणि पाहता पाहता ती मुलगी कृष्णवेषात मिसळून जाते. आमच्या मते येथे दिग्दर्शकापेक्षा बाप अधिक दिसतो: देव दाखविण्याआधी त्याने आपली लेक दाखविली. पुढे यमुनेच्या डोहात कालियाशी झुंज आहे, काठावर यशोदेचा आकांत आहे. पण खोडकर कृष्ण सवंगड्यांसह हसतो, तेव्हा ते हसू शिकविलेले वाटत नाही.

लवकरच भागीदारांशी न पटल्याने दादासाहेब कंपनी सोडून सहकुटुंब काशीस गेले. मंदाकिनी मोठी झाली, तिचा संसार झाला, ती मंदाकिनी आठवले झाली. चित्रपटनटी मात्र झाली नाही. दादासाहेब १९४४ साली नाशिकला निवर्तले. त्यांचे बहुतेक मूकपट काळाच्या उदरात गडप झाले. जे थोडे उरले, त्यांत हा चेहरा आहे.