वऱ्हाडची ज्वारी : संकर आणि स्वाद

वऱ्हाडच्या काळ्या जमिनींत कपाशी पैशासाठीं आणि ज्वारी पोटासाठीं, अशी वांटणी पिढ्यान् पिढ्या चालत आली. अमरावती-अकोल्याकडील कुणब्याच्या लेखीं मात्र ज्वारी हें एकच धान्य नव्हतें. भाकरीची ज्वारी निराळी, लाह्यांची निराळी आणि हुरड्याची 'वाणी' निराळी. हुरड्याचें कणीस दाणा कोंवळा असतांनाच खुडावयाचें; त्या वेळीं दाण्यांतील साखरेचें पीठ होणें पुरें झालेलें नसतें, आणि गोडी येते ती त्यामुळेंच. पुढील सालचें बीं खळ्यावर कणसें निवडून घरींच राखीत. या निवडींत घरच्यांच्या जिभेचा कौल मोलाचा असे.

१९५४ सालीं अमेरिकेंत टेक्सास येथें स्टीफन्स व हॉलंड या शास्त्रज्ञांनीं, जिच्या फुलांत सफळ पराग निपजत नाहीं अशी ज्वारी सिद्ध केली. परक्या परागानें तिच्यावर हवा तेवढा संकर करणें त्यामुळें सुलभ झालें. भारतांत १९६४ सालीं 'सीएसएच १' हा पहिला संकर प्रसृत झाला. त्याचीं मातृकुल व पितृकुल दोन्ही परदेशी होतीं. वऱ्हाडच्या वाणीचा अंश त्यांत नव्हता. १९६३ सालीं मुख्यमंत्री झालेले वसंतराव नाईक हे पुसदजवळच्या गहुलीचे. त्यांनीं या बियाण्याचा हिरिरीनें पुरस्कार केला. अन्नाची टंचाई खरी होती आणि नवें पीक जुन्याहून पुष्कळ अधिक येई.

परंतु हें पीक लवकर पिके. त्यामुळें दाणा परतीच्या पावसांत सांपडून बुरशीनें काळा पडे. ताट बुटकें असल्यानें कडबाही कमी. भाकरीला पूर्वीची चव नाहीं, अशी तक्रार घरोघर ऐकूं येऊं लागली आणि 'हायब्रीड' हा शब्द बोलींत 'दिसायला चांगलें, पण निःसत्त्व' या अर्थानें रूढ झाला. बीं दरसाल विकत घ्यावें लागल्यानें जिभेचा जुना अधिकारही संपला.

मग दोष संकराचा म्हणावा काय? ज्वारीच्या कांहीं जाती सुवासिक असतात. बासमतीला सुगंध देणारें द्रव्यच त्यांत असतें. हा गुण दबता असल्याचें थायलंडांतील संशोधकांनीं २०१३ सालीं दाखविलें. मातापिता दोन्ही सुवासिक असतील तरच पहिल्या पिढीच्या संकरांत सुवास उतरतो. म्हणजे संकर करणारा जें शोधतो, तेंच बहुधा हातीं येतें. आणि १९६४ सालीं शोध होता तो मुख्यतः उताऱ्याचा.

अकोल्यास १९६९ सालीं डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठ व १९७६ सालीं राज्याचें बियाणें महामंडळ स्थापन झालें. या विद्यापीठानें हुरड्यासाठीं स्वतंत्र वाण निवडले, हें उचित झालें. मात्र वऱ्हाडांत सोयाबीनच्या विस्तारापुढें ज्वारीचें क्षेत्रच आक्रसलें आहे. जुनें बीं शीतगृहांत टिकतें. त्याची चव ओळखणारीं माणसें मात्र शेत पेरलें आणि हुरडा भाजला तरच तयार होतात.