मधले बटण: युनिक्सवर माऊस बसवण्याचा इतिहास

युनिक्सच्या जगात माऊस आला तो तीन बटणे घेऊन. झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७३ साली तयार झालेल्या आल्टो संगणकाला तीन बटणांचा माऊस होता, आणि पुढे सनसारख्या कंपन्यांनी युनिक्सची वर्कस्टेशने विकायला काढली तेव्हा तोच पायंडा चालू राहिला. सनच्या प्रकाशावर चालणाऱ्या माऊसखाली एक चकचकीत धातूची पाटी लागे. तिच्यावर बारीक रेघांची जाळी असे, उभ्या रेघा एका रंगाच्या आणि आडव्या दुसऱ्या. पाटी चुकून काटकोनात फिरली की बाण नीट चालत नसे. वर्कस्टेशनवाल्याला माऊसचे एवढेच काय ते सेटिंग करावे लागे. यंत्र, माऊस आणि प्रणाली एकाच कंपनीची असल्यामुळे कोणाला कोणाची ओळख करून द्यावी लागत नसे.

एमआयटीमध्ये १९८४ साली सुरू झालेल्या एक्स विंडो प्रणालीने ही तीन बटणे गृहीतच धरली. १९८७ मध्ये तिची अकरावी आवृत्ती आली आणि तीच आजवर टिकली. एक्सवर डाव्या बटणाने मजकुरावरून माऊस ओढला की तो निवडला जातो, आणि दुसऱ्या खिडकीत मधले बटण दाबले की तिथे उमटतो. ‘कॉपी करा’ अशी आज्ञा मध्ये द्यावीच लागत नाही. ज्याच्या हाताला ही सवय लागली, त्याला दुसरी कोणतीही पद्धत द्राविडी प्राणायाम वाटते.

गाडी अडली ती युनिक्स घरगुती पीसीवर आल्यावर. पीसीच्या दुनियेत मायक्रोसॉफ्टच्या वळणाचा दोन बटणी माऊस रुळला होता. १९९२ साली स्थापन झालेल्या एक्सफ्री८६ प्रकल्पाने एक्स पीसीवर आणले खरे, पण पुढ्यात कोणता माऊस जोडलेला आहे हे ते माणसालाच विचारी. एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये दोन गोष्टी लिहाव्या लागत: माऊस कोणत्या पोर्टला आहे आणि तो कोणती भाषा बोलतो.

सीरियल माऊस दर सेकंदाला १२०० बिट्सच्या वेगाने बोले. मायक्रोसॉफ्टच्या पद्धतीत हालचालीची प्रत्येक खबर तीन बाइट्सची, माऊस सिस्टिम्सच्या पद्धतीत पाच बाइट्सची. मायक्रोसॉफ्टच्या तीन बाइट्समध्ये दोनच बटणांना जागा होती. लॉजिटेकने मधल्या बटणासाठी चौथा बाइट जोडला, म्हणजे आणखी एक बोली वाढली. वीज मिळताच मायक्रोसॉफ्टचा माऊस ‘एम’ एवढे एक अक्षर पाठवी. त्यापलीकडे स्वतःविषयी चकार शब्द काढत नसे. काही स्वस्त माऊसच्या पोटाखाली दोन पद्धतींमधली निवड करणारी बारीक कळ असे. काहींचे डावे बटण दाबून धरून संगणक सुरू केला, तरच ते तीन बटणांच्या पद्धतीत जात. फाइलमध्ये भाषा चुकीची लिहिली की बाण एका कोपऱ्यात उडी मारून बसे, नाहीतर न दाबलेली बटणे दाबली जात. मग माऊस उलटा करून त्याच्या पोटावरचे लेबल वाचायचे आणि फाइल पुन्हा उघडायची.

मधल्या बटणाची उणीव मात्र एका नामी युक्तीने भरून काढली गेली. ‘इम्युलेट थ्री बटन्स’ ही ओळ फाइलमध्ये घातली की दोन्ही बटणे एकदम दाबणे म्हणजे मधले बटण दाबणे ठरे. माणसाची दोन बोटे एका क्षणी कधीच पडत नाहीत, म्हणून साधारण ५० मिलिसेकंदांची सवलत ठेवलेली असे. त्याचा भुर्दंड असा, की नुसते एकच बटण दाबले तरी दुसरे येते का, याची वाट पाहण्यात तेवढा वेळ जाई.

त्यातच लिनक्स या युनिक्सच्या वळणाच्या प्रणालीवर माऊसला दोन धनी झाले. एक्स नसताना, नुसत्या अक्षरांच्या काळ्या पडद्यावरही माऊसने मजकूर उचलता यावा म्हणून जीपीएम हा प्रोग्रॅम वापरला जाई. जीपीएम आणि एक्स एकाच वेळी एकाच पोर्टवरून वाचू लागले की काही बाइट्स याच्या वाट्याला आणि काही त्याच्या, अशी पळवापळवी होई. अखेर जीपीएमने सगळे बाइट्स स्वतः वाचून एका नळीतून एक्सकडे पुढे पाठवावे, अशी तडजोड निघाली. फ्रीबीएसडी या त्याच कुळातल्या प्रणालीने हाच प्रश्न जास्त नेटका सोडवला: मूसडी हा एकच प्रोग्रॅम खऱ्या माऊसशी बोले, आणि बाकी सगळ्यांना ‘सिसमाऊस’ नावाचे एकच साधन दिसे.

आयबीएमने १९८७ मध्ये आणलेल्या पीएस/२ पोर्टमुळे बोलींचा गोंधळ कमी झाला, पण १९९६ च्या मायक्रोसॉफ्ट इंटेलिमाऊसने चाक आणले आणि पुन्हा नवे कोडे घातले. जुनी खबर तीन बाइट्सची. चाकासाठी चौथा बाइट हवा. चौथ्या बाइटची कल्पना नसलेल्या प्रणालीवरही हा माऊस चालायला हवा, म्हणून एक खुणेची टकटक ठरवली गेली. संगणकाने माऊसला नमुने घेण्याचा वेग ओळीने २००, १०० आणि ८० असा ठेवायला सांगायचा, आणि मग त्याचा ओळखक्रमांक विचारायचा. साधा माऊस शून्य सांगे. चाकाचा माऊस ही खूण ओळखून तीन सांगे आणि तिथून चार बाइट्स पाठवू लागे. दोन संगणकांमध्ये एकच माऊस फिरवणारी स्विचपेटी मध्ये असली की हा करार कधी कधी मोडे: माऊस तीन बाइट्सवर परते आणि प्रणालीचा गाभा असलेले कर्नल चारच मोजत बसे. ‘सिंक्रोनायझेशन हरवले’ हा लिनक्सचा संदेश तेव्हा पडद्यावर दिसे.

एक्सच्या अकराव्या आवृत्तीला चाक ठाऊकच नव्हते. म्हणून चाक वर फिरले की चौथे बटण आणि खाली फिरले की पाचवे बटण दाबले, असे मानायचे ठरले. ‘झेड ॲक्सिस मॅपिंग ४ ५’ ही ओळ त्या काळच्या कितीतरी फाइलींमध्ये सापडते. डावखुऱ्यांसाठी ‘एक्समॉडमॅप’ने बटणांचा क्रम ३ २ १ असा उलटवता येई. बाणाचा वेग ‘एक्ससेट’कडे होता.

पुढे यूएसबी आले आणि माऊस स्वतःचे वर्णन स्वतः देऊ लागला. लिनक्सच्या २.६ या कर्नलने २००३ अखेरीस सर्व माऊसच्या खबरा एकाच साच्यात आणल्या. आता फाइलीची गरज उरायला नको होती, पण २००७ नंतर काही काळ सेटिंगे एका फाइलीतून दुसरीत गेली एवढेच झाले. एक्सने माऊसची माहिती हॅल नावाच्या सेवेकडून घ्यायला सुरुवात केली आणि सेटिंगे एक्सएमएलमध्ये लिहावी लागू लागली. जुन्या फाइलीत लिहिलेले मुकाट्याने दुर्लक्षिले जाई, ही त्या वर्षांतली रास्त तक्रार होती. २०१० मध्ये हॅल सोडून देऊन ते काम यूडेव्ह या दुसऱ्या सेवेकडे आले.

आज बहुतेक लिनक्स प्रणालींवर माऊस सांभाळते ती लिबइनपुट ही लायब्ररी. पीटर हटरर यांच्या देखभालीखालील या लायब्ररीची पहिली पूर्ण आवृत्ती २०१५ मध्ये आली. तिने पर्याय मुद्दामच मोजके ठेवले. बाणाचा वेग आता उणे एक ते अधिक एक या पट्ट्यात सांगायचा असतो. माऊस इंचामागे किती ठिपके मोजतो, हे एका सामाईक यादीत पाहून लायब्ररी हिशेब जुळवते. एक्सची जागा घेऊ लागलेल्या वेलँडवर ती थेट डेस्कटॉपच्या पोटातच बसते, त्यामुळे ‘एक्ससेट’सारखी सर्वांना चालणारी आज्ञा तिथे नाही, प्रत्येक डेस्कटॉपची सेटिंगची खिडकी वेगळी. त्याच वेलँडच्या मूळ प्रोटोकॉलमध्ये मधल्या बटणाने मजकूर उमटवण्याची सोय नव्हती. जुन्या वापरकर्त्यांची सवय काही सुटली नाही, आणि ती सोय नंतर वेगळी पुरवणी म्हणून जोडावी लागली.